घरी बांधलेल्या टीआर-८०८ चा आवाज बिघडला असेल तर दोष कुठे शोधावा

रोलँड या जपानी कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे ड्रम मशीन बाजारात आणले आणि १९८३ साली त्याचे उत्पादन थांबवले. त्या काळात जेमतेम बारा हजार यंत्रे तयार झाली. आज मूळ यंत्राची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर गेली आहे. दुसरीकडे त्याचे सर्किट पूर्णपणे ज्ञात आहे आणि त्यातले जवळजवळ सर्व भाग किंवा त्यांचे पर्याय अजूनही मिळतात. त्यामुळे जगभरातले हौशी लोक तेच सर्किट नव्या पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डवर) स्वतःच्या हाताने बांधतात. शेकडो रेझिस्टर, कॅपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर सोल्डर करून झाल्यावर यंत्र पहिल्यांदा चालू केले की सगळे आवाज बरोबर येतील अशी अपेक्षा ठेवू नये. एखादा ड्रम मुका असतो, एखादा नुसता ‘टक’ करतो, एखादा थांबतच नाही. अशा वेळी दिसेल तो भाग काढून बदलण्याचा मोह होतो, आणि पीसीबीचे सर्वांत जास्त नुकसान त्याच मोहातून होते. चुकीचा आवाज नीट ऐकला तर दोष कोणत्या भागात आहे हे तो आवाजच बऱ्यापैकी सांगतो. तो कसा ऐकावा हे या लेखात मांडले आहे.

त्यासाठी यंत्राची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. या यंत्रात कोणताही आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवलेला नसतो. प्रत्येक आवाज त्या त्या क्षणी सर्किटमध्ये जन्माला येतो. यंत्राचा अंकीय भाग ठरलेल्या वेळी एक अतिशय छोटा विद्युत ठोका पाठवतो. त्याला ट्रिगर म्हणतात. हा ठोका सुमारे १ मिलिसेकंद टिकतो आणि अ‍ॅक्सेंटच्या (म्हणजे ठोक्याला दिलेल्या जोराच्या) पातळीनुसार त्याचा व्होल्टेज साधारण ४ ते १४ व्होल्टच्या दरम्यान असतो. पुढे आवाज तीन वेगवेगळ्या रीतींनी तयार होतात. बास ड्रम, टॉम, काँगा, रिमशॉट आणि क्लेव्ह्ज यांच्यासाठी ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी छोटी चिप) किंवा ट्रान्झिस्टरभोवती बांधलेले रेझोनेटर असतात. घंटेला टोला बसावा तसा ट्रिगर या रेझोनेटरला आघात करतो आणि तो काही काळ स्वतःच्या स्वरात निनादतो. मराका आणि हँडक्लॅप हे नॉइजपासून, म्हणजे एकसारख्या ‘स्स्स’ आवाजापासून कोरून काढलेले असतात. स्नेअरमध्ये रेझोनेटर आणि नॉइज दोन्ही असतात. सिंबल, उघडी व बंद हाय-हॅट आणि काउबेल यांचा उगम मात्र सहा चौकोनी लहरींच्या एका सामाईक संचात असतो.

या तीन घराण्यांची ओळख झाली की पहिली चाचणी कोणत्याही उपकरणाविना करता येते. सगळे आवाज एकामागून एक वाजवून कोणते बरोबर आहेत आणि कोणते चुकले आहेत याची यादी कागदावर लिहावी. स्नेअरमधली सळसळ, हँडक्लॅप आणि मराका हे तिन्ही एकाच वेळी गायब असतील, तर तीन ठिकाणी तीन दोष असण्याची शक्यता फार कमी असते. त्या तिघांना नॉइज पुरवणारा ट्रान्झिस्टर किंवा त्याच्यापुढचा अ‍ॅम्प्लिफायर तपासावा. सिंबल, दोन्ही हाय-हॅट आणि काउबेल एकत्र बिघडले असतील तर सहा लहरींचा आयसी, म्हणजे चिप, संशयित ठरतो. टॉम आणि काँगा हे एकाच सर्किटचे स्विचने बदलणारे दोन अवतार आहेत. त्यामुळे लो टॉम वाजत नाही पण लो काँगा उत्तम वाजतो, असे असेल तर मुख्य रेझोनेटर निर्दोष आहे आणि दोष स्विच किंवा त्याच्या तारांपाशी आहे, हे पीसीबीला हात न लावता समजते. रिमशॉट आणि क्लेव्ह्ज यांच्या जोडीलाही हाच न्याय बऱ्याच अंशी लागू पडतो. या यादीला अर्धा तास लागला तरी हरकत नाही. पुढचे कित्येक तास ती वाचवते.

सगळेच आवाज मुके किंवा चिरके असतील तर वीजपुरवठ्यापासून सुरुवात करावी. या सर्किटला अधिक १५, उणे १५ आणि अधिक ५ व्होल्ट असे वेगवेगळे पुरवठे लागतात. ऑप-अँपचे सगळे आयसी सॉकेटमधून काढून ठेवावेत आणि मल्टिमीटरने प्रत्येक सॉकेटवरचा व्होल्टेज मोजावा. ४५५८ सारख्या दुहेरी ऑप-अँपमध्ये आठव्या पायावर अधिक आणि चौथ्या पायावर उणे १५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. येथे फार वेळा होणारी एक चूक म्हणजे ७८१५ आणि ७९१५ या रेग्युलेटरांचे पाय सारखेच आहेत असे गृहीत धरणे. ७८१५ मध्ये समोरून पाहिल्यावर क्रम इनपुट, ग्राउंड, आउटपुट असा असतो, तर ७९१५ मध्ये तो ग्राउंड, इनपुट, आउटपुट असा असतो. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूला २३० व्होल्ट असतात, त्यामुळे ती बाजू झाकलेली असल्याशिवाय उघड्या पीसीबीवर कोणतेही मोजमाप करू नये. पुरवठा बरोबर निघाला की वीज बंद करून आयसी परत बसवावेत. मग यंत्र चालू करून, कोणताही ताल न वाजवता, प्रत्येक ऑप-अँपच्या आउटपुटवरचा, म्हणजे पहिल्या आणि सातव्या पायावरचा डीसी व्होल्टेज पाहावा. स्वस्थ असताना तो शून्याच्या आसपास असायला हवा. तेथे १३ किंवा १४ व्होल्ट दिसले तर तो ऑप-अँप एका टोकाला जाऊन अडकला आहे. आयसी उलटा बसला असेल, फीडबॅकचा, म्हणजे आउटपुटचा अंश परत आत देणारा, रेझिस्टर तुटला असेल किंवा एखादा पाय सोल्डर करायचा राहिला असेल. माझ्या मते एवढ्या कमी श्रमात इतकी माहिती देणारी दुसरी चाचणी नाही.

पुरवठ्यानंतर ट्रिगर तपासावा. १ मिलिसेकंदाचा ठोका मल्टिमीटरवर दिसत नाही, कारण मीटरचा आकडा बदलण्याआधीच तो संपलेला असतो. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच, पण नसेल तरी अडत नाही. एका जुन्या ऑडिओ केबलच्या आतल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर जोडावा, केबलची जाळी यंत्राच्या ग्राउंडला लावावी आणि दुसरे टोक छोट्या अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकरला द्यावे. यालाच ऑडिओ प्रोब म्हणतात. कॅपॅसिटरमुळे डीसी व्होल्टेज स्पीकरपर्यंत पोहोचत नाही आणि सर्किटमधल्या कोणत्याही बिंदूवर काय चालले आहे ते कानाने ऐकता येते. हेडफोन मात्र लावू नयेत, कारण काही बिंदूंवरचा सिग्नल अनपेक्षितपणे मोठा असतो. ट्रिगरच्या वाटेवर प्रोब ठेवला की प्रत्येक ठोक्याला स्वच्छ ‘टक’ ऐकू येते. ती जेथे नाहीशी होते त्याच्या अलीकडचा भाग पाहावा. बहुधा तेथे उलटा बसलेला डायोड किंवा ड्राय सोल्डर (नीट न धरलेला, कच्चा जोड) सापडतो.

काही जण मूळचा अंकीय भाग न बांधता एखाद्या मायक्रोकंट्रोलरने या आवाजांना ट्रिगर देतात. त्यांच्याकडे दोन दोष हमखास उद्भवतात. पहिला म्हणजे आवाज क्षीण येतो, कारण ५ व्होल्टचा ठोका मूळ सर्किटच्या सर्वांत मंद ठोक्याच्या जवळपास जाणारा असतो. दुसरा म्हणजे एका ठोक्याला ड्रम दोनदा वाजल्यासारखा भासतो. मायक्रोकंट्रोलर २० किंवा ३० मिलिसेकंदांचा लांब ठोका देत असेल, तर त्याची सुरुवात रेझोनेटरला एक आघात करते आणि त्याचा शेवट दुसरा. ठोका १ मिलिसेकंदापर्यंत आखूड केला की हा दुहेरीपणा जातो. ज्या यंत्रात हे कारण आहे त्यातले भाग बदलून काहीही साध्य होत नाही.

आता बास ड्रमकडे वळू. या यंत्राची कीर्ती ज्यावर उभी आहे तो आवाज हाच, आणि सर्वांत जास्त तक्रारीही त्याच्याच असतात. त्याच्या गाभ्याशी एक ऑप-अँप, दोन कॅपॅसिटर आणि दोन मुख्य रेझिस्टर-मार्ग असलेले ‘ब्रिज्ड-टी’ नावाचे जाळे असते. दोन्ही कॅपॅसिटर १५ नॅनोफॅरडचे असतात. एक रेझिस्टर १ मेगओहमचा असतो आणि दुसरा मार्ग सुमारे ५४ किलोओहमचा. हे चारही आकडे एकमेकांशी गुणून त्यांचे वर्गमूळ काढावे, त्याला २π ने गुणावे आणि १ ला त्या संख्येने भागावे, म्हणजे स्वराची वारंवारिता मिळते. ती येथे सुमारे ४६ हर्ट्झ येते. समांतर असलेल्या इतर मार्गांमुळे प्रत्यक्षात ती ५० हर्ट्झच्या जवळ जाते. आघाताच्या पहिल्या काही क्षणांत एक ट्रान्झिस्टर ५४ किलोओहमच्या मार्गातला मोठा हिस्सा वगळतो, त्यामुळे स्वर सुमारे १३० हर्ट्झवर सुरू होऊन खाली घसरतो. छातीवर जाणवणारा तो सुरुवातीचा ठोसा तेथून येतो.

या वर्गमुळाचा दोष शोधताना फार उपयोग होतो. चारपैकी एकच भाग दहापट चुकला तर स्वर दहापट न बदलता सुमारे सव्वातीन पट बदलतो. दोन्ही कॅपॅसिटर दहापट चुकले तर मात्र पूर्ण दहापट बदलतो. म्हणजे ५० च्या ऐवजी १५० हर्ट्झच्या आसपास स्वर आला तर एक भाग चुकीचा आहे असे समजावे. ५०० हर्ट्झजवळची शिटी आली तर १५ नॅनोफॅरडच्या जागी दोन्हीकडे १.५ नॅनोफॅरडचे कॅपॅसिटर बसले आहेत. उलट्या दिशेची चूक जास्त फसवी असते. दोन्ही ठिकाणी १५० नॅनोफॅरड बसले तर स्वर ५ हर्ट्झवर जातो, तो कानाला ऐकू येत नाही, आणि बास ड्रम नुसता ‘टक’ करतो. कॅपॅसिटरवर छापलेले १५३ म्हणजे १५ नॅनोफॅरड, १५४ म्हणजे १५० आणि १५२ म्हणजे १.५. एका शेवटच्या अंकात हा सगळा गोंधळ दडलेला असतो. रेझिस्टरच्या बाबतीत पाच पट्ट्यांचे मेटल फिल्म भाग उलट्या बाजूने वाचले जाण्याचा धोका मोठा असतो, म्हणून बसवण्याआधी प्रत्येक भाग मीटरने मोजणे हाच खरा उपाय आहे. बसवून झाला असेल तर वीज बंद करून तो जागेवरच मोजावा. समांतर मार्गांमुळे आकडा छापील मूल्यापेक्षा कमी येऊ शकतो आणि त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण आकडा छापील मूल्यापेक्षा बराच जास्त येऊन तेथे स्थिरावला, तर तो रेझिस्टर चुकीचा आहे, तुटला आहे किंवा त्याचा सोल्डर कच्चा आहे हे जवळपास निश्चित असते.

स्वर बरोबर आहे पण निनाद मिळत नाही, ही तक्रार वेगळी आहे. ब्रिज्ड-टी जाळे स्वतःहून फार थोडा वेळ निनादते. लांब शेपूट येते ती आउटपुटचा काही अंश परत आत देणाऱ्या दुसऱ्या मार्गामुळे, आणि ‘डिके’ची नॉब नेमका तो अंश कमी-जास्त करते. नॉब फिरवूनही लांबी बदलत नसेल तर त्या मार्गावरचा ऑप-अँप, पॉटच्या (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरच्या) तारा आणि सोल्डर पाहावेत. नॉब उलट्या दिशेने काम करत असेल तर पॉटच्या दोन टोकांच्या तारांची अदलाबदल झाली आहे. फीडबॅक प्रमाणाबाहेर गेला तर बास ड्रम थांबतच नाही आणि एक खोल ‘हूं’ अखंड वाजत राहतो. भारतात येथे आणखी एक गफलत होऊ शकते. आपल्या घरातल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे आणि बास ड्रमचा स्वरही त्याच्या अगदी शेजारी आहे. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरमधून शिरलेली गुणगुण आणि न थांबणारा रेझोनेटर हे दोन्ही कानाला जवळजवळ सारखे लागतात. डिकेची नॉब खाली आणल्यावर आवाज विरला तर तो रेझोनेटर होता. काहीच फरक पडला नाही तर ट्रान्सफॉर्मरची जागा, ग्राउंडच्या तारा आणि फिल्टर कॅपॅसिटर तपासावेत. पुरवठ्याच्या फिल्टरमध्ये कमतरता असेल तर गुणगुण १०० हर्ट्झची, म्हणजे एक सप्तक वरची असते.

मेगओहमच्या रेझिस्टरांभोवती सोल्डरिंगच्या फ्लक्सचा चिकट थर राहिला तर त्यातूनही सूक्ष्म गळती होऊ शकते, विशेषतः कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पीसीबी घासून, पूर्ण वाळवून मगच पुन्हा ऐकावे. टॉम, काँगा, रिमशॉट आणि क्लेव्ह्ज यांना बास ड्रमचेच तर्क थोड्याफार फरकाने लागू पडतात, म्हणून त्यांची पुनरुक्ती करत नाही. एवढेच लक्षात ठेवावे की टॉमच्या शेपटीत मंद नॉइज मिसळलेला असतो आणि काँगात तो नसतो.

नॉइजचा उगम या यंत्रातला सर्वांत लहरी भाग आहे. एका ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर जोडाला उलट दिशेने इतका व्होल्टेज दिला जातो की तो जोड कोसळू लागतो, आणि त्या कोसळण्यातून नॉइज निर्माण होतो. मूळ यंत्रात यासाठी मुद्दाम निवडून काढलेला २एससी८२८ जातीचा ट्रान्झिस्टर वापरला होता. आज आपण जो ट्रान्झिस्टर लावतो तो इतर सर्व कामांसाठी उत्तम असला तरी नॉइजसाठी अतिशय शांत असू शकतो. त्या जागी सोल्डर न करता सॉकेट बसवावे, ऑडिओ प्रोब लावावा आणि एकाच पाकिटातले आठ-दहा ट्रान्झिस्टर एकामागून एक लावून ऐकावेत. त्यांच्यातला फरक स्पष्ट ऐकू येतो. काहींचा आवाज एकसारखा सळसळतो, काही मध्येच तडतडतात. एकसारखा आणि मोठा आवाज देणारा ठेवावा. नॉइज उत्तम असूनही हँडक्लॅप एकाच ‘चस’सारखा वाजत असेल तर दोष नॉइजमध्ये नाही. अनेक टाळ्यांचा भास सुमारे १० मिलिसेकंदांच्या अंतराने येणाऱ्या दातेरी एन्व्हलपमुळे (आवाजाची पातळी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या व्होल्टेजमुळे) होतो आणि मागची खोलीसारखी शेपूट दुसऱ्या एन्व्हलपमुळे. कोणता भाग ऐकू येत नाही त्यावरून कोणते सर्किट पाहायचे ते ठरते.

धातूच्या आवाजांचे सहा ऑसिलेटर एका श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर आयसीत सामावलेले असतात. त्यांच्या वारंवारिता सुमारे २०५, ३०४, ३७०, ५२३, ५४० आणि ८०० हर्ट्झ अशा परस्परांशी न जुळणाऱ्या असतात. त्यांच्या न जुळण्यातूनच काशाचा भास निर्माण होतो. सहापैकी एक बंद असला तर सिंबल पूर्ण मुका होत नाही, फक्त थोडा पोकळ वाटतो आणि दोष अनेक दिवस लक्षातच येत नाही. म्हणून ऐकून समाधान झाले तरी आयसीच्या सहाही आउटपुटवर प्रोब ठेवून सहा वेगळे स्वर मिळतात का ते पाहावे. काउबेल ५४० आणि ८०० या दोनच लहरींपासून बनते, त्यामुळे ती बेसूर असेल तर शोध तेवढ्याच दोन ऑसिलेटरपुरता ठेवता येतो. आयसी बदलताना विशेष काळजी घ्यावी. ४५८४ किंवा ४०१०६ च्या जागी ७४एचसी१४ बसवता येईल असे पाय पाहून वाटते, पण तो ६ व्होल्टपेक्षा जास्त पुरवठ्यासाठी बनवलेला नाही आणि त्याचे उंबरठे, म्हणजे ज्या व्होल्टेजवर आउटपुट पलटतो त्या पातळ्याही, वेगळे असतात. एकाच क्रमांकाच्या आयसीतही उत्पादकानुसार उंबरठे बदलतात आणि त्याबरोबर स्वरही सरकतात.

हाय-हॅट वाजवली नसताना मागे बारीक ‘सीऽऽ’ सतत ऐकू येत असेल तर ऑसिलेटर निर्दोष आहेत, पण त्यांना अडवणारे दार नीट बंद होत नाही असा अर्थ घ्यावा. प्रत्येक आवाजाचा एन्व्हलप व्होल्टेज ठोक्यानंतर पूर्ण खाली येतो का ते मोजावे. येत नसेल तर त्या कॅपॅसिटरला रिकामे करणारा रेझिस्टर किंवा कॅपॅसिटरची दिशा तपासावी. येत असेल तर आवाज सोडणारा ट्रान्झिस्टर गळका किंवा उलटा आहे. बंद हाय-हॅट वाजल्यावर उघडी हाय-हॅट लगेच गप्प होणे अपेक्षित असते. ती होत नसेल तर तिचा कॅपॅसिटर तात्काळ रिकामा करणारा छोटा ट्रान्झिस्टर पाहावा.

उलट्या ट्रान्झिस्टरचा उल्लेख वर आला, आणि तो सहज आलेला नाही. मूळ सर्किट जपानी ट्रान्झिस्टरांभोवती आखलेले आहे. २एससी९४५ किंवा २एससी१८१५ ची सपाट बाजू समोर धरली तर डावीकडून पाय एमिटर, कलेक्टर, बेस असे येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या दुकानांत सहज मिळतो तो बीसी५४७, आणि त्याचे पाय कलेक्टर, बेस, एमिटर या क्रमाने असतात. २एन३९०४ चा क्रम एमिटर, बेस, कलेक्टर असा तिसराच आहे. पीसीबीवर छापलेल्या अर्धवर्तुळावर विसंबून पर्यायी ट्रान्झिस्टर बसवला तर तो चुकीच्या क्रमाने जोडला जातो. तो पूर्ण बंद पडेलच असे नाही. अनेकदा कलेक्टर आणि एमिटर यांची अदलाबदल झालेला ट्रान्झिस्टरही थोडेसे काम करतो आणि आवाज फक्त दबका किंवा फाटका येतो. म्हणून दबक्या आवाजाच्या प्रत्येक तक्रारीत पायांचा क्रम डेटाशीटशी ताडून पाहावा.

शेवटी काही तक्रारी अशा असतात की त्यात दोषच नसतो. सामान्य फिल्म कॅपॅसिटर छापील मूल्यापेक्षा १० टक्के आणि इलेक्ट्रोलिटिक २० टक्के इकडेतिकडे असू शकतात, त्यामुळे मूळच्या दोन यंत्रांचे आवाजही तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय गाण्यांतून आपण ऐकलेला ८०८ चा बास ड्रम बहुतेक वेळा सॅम्पलरमध्ये ताणलेला, काँप्रेस केलेला आणि मुद्दाम फाटका केलेला असतो. यंत्राच्या आउटपुटवर तसा आवाज येत नाही आणि यायलाही नको. रेझोनेटरमध्ये स्वस्त सिरॅमिक कॅपॅसिटर वापरले असतील तर मात्र ते बदलावेत, कारण व्होल्टेज आणि तापमानाबरोबर त्यांचे मूल्य सरकते आणि स्वर डळमळतो. तेथे पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे भाग लावावेत. काउबेलच्या दोन लहरींसाठी पीसीबीवर ट्रिमर (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचे छोटे पॉट) दिलेले असतात. यंत्र अर्धा तास चालू ठेवून तापू द्यावे, मग एक ट्रिमर ५४० वर आणि दुसरा ८०० हर्ट्झवर आणावा. फ्रिक्वेन्सी काउंटर नसेल तर मोबाइलवरचा ट्यूनरही या कामाला पुरतो.